ओल्या दुपट्ट्याची गोष्ट

आश्विन पौर्णिमेचा तो दिवस. वर्षावासाची सांगता गावच्या विहारात व्हावयाची होती आणि त्याच मंडपात मथुराबाईंचा जाहीर सत्कारही योजला होता. त्यांचा थोरला मुलगा श्रावण सकाळपासून पांढराशुभ्र सदरा घालून मंडपाच्या खांबांभोवती फिरत होता. त्याची बहीण बेबीताई दारव्ह्याहून जीपने येऊन स्वयंपाकघराचा ताबा घेऊन बसली होती. जिच्यामुळे हा सारा योग जुळून आला, ती धाकटी सून प्रियंका मात्र मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापाशी, फोन कानाला घट्ट लावून उभी होती.

एकच निरोप ती पुन्हा पुन्हा ऐकत होती.

"ताई, तुमी मथुरामायच्या घरचे काय? मी सुखीबाई. पांढरकवड्याकडची. पोट्टीच्या फोनवरून बोलून राह्यली. आमच्या मानसानं, उकंडानं, मायचा व्हिडिओ पाह्यला. मायनं सांगितलं तसा दुपट्टा वला केला, तोंडाले गुंडाळला, पाठीवर टाकला, अन् परवा पावसाची उघाड पाहून फवारलं. आता त्याले काईच दिसून नाई राह्यलं. दवाखान्यात हावो आमी. डॉक्टर म्हन्ते, दुपट्ट्यानं औषध पिलं अन् आंगात सोडलं. मले काई समजत नाई. तुमी मायले इचारून सांगा, आता काय करू."

त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर प्रियंकाला उत्तर सुचले असते. तो आवाज सल्ला मागत होता, आणि तोही ज्या तोंडाने पहिला सल्ला दिला त्याच तोंडाकडे.

आकाश निरभ्र होते. हीच त्या दिवसाची सर्वांत मोठी भीती होती. आठवडाभर पाऊस रेंगाळल्यामुळे फवारण्या खोळंबल्या होत्या, बोंडांत गुलाबी अळी शिरल्याची ओरड गावोगाव होती, आणि आज ऊन पडले होते. उद्या उजाडताच यवतमाळपासून वाशिमपर्यंत प्रत्येक शिवारात पंप पाठीवर चढणार, हे सांगावयास कोणा ज्योतिषाची गरज नव्हती. त्यांतल्या किती माणसांच्या फोनमध्ये तो व्हिडिओ होता, हे मात्र कोणालाच सांगता आले नसते.

'मथुरामायच्या गोष्टी' हे इंटरनेटवरचे पान प्रियंकाने गतवर्षी उघडले होते. सासूबाई उंबरठ्यावर बसून परहाटीच्या म्हणजे कपाशीच्या, तणाच्या, रुसलेल्या बैलांच्या गोष्टी सांगत. नवरा संघदीप फोन धरी. प्रियंका रात्रीच्या स्वयंपाकाआधी ते चित्रण कापून-जोडून पानावर टाकी. शहरातल्या माणसांच्या तोंडून शेतीचा सल्ला ऐकून विटलेल्या लोकांना त्या म्हातारीच्या तोंडचा शब्द गोड लागला. माणसे प्रश्न विचारू लागली आणि मथुराबाई उत्तरे देऊ लागल्या. परंतु ओल्या दुपट्ट्याच्या गोष्टीची सर दुसऱ्या कशालाच आली नाही. त्यांचे दिवंगत पती डोमाजी शेतातून घरी येत तेव्हा नखशिखांत पांढरे, केवळ दोन डोळे काळे. ते पाहून दारातले कुत्रे कसे भुंकत सुटे, याची नक्कल मथुराबाईंनी अशी काही केली होती की हसून हसून लोकांच्या डोळ्यांना पाणी आले. आणि शेवटी त्या म्हणाल्या होत्या, "बांधा वला दुपट्टा, अन् या घरी जिते!" ते वाक्य पोरे रस्त्याने ओरडत जात.

प्रियंकाने डोळे पुसले आणि ती ओसरीवर आली.

*

निरोप सर्वांनी ऐकला. फोन पाटावर ठेवला होता आणि सुखीबाईंचा आवाज संपल्यावरही सगळे त्या फोनकडेच पाहत होते.

"काढून टाक," श्रावण म्हणाला. "आत्ताच्या आत्ता काढून टाक."

"काढला, दादाजी. ऐकल्याबरोबर काढला."

"मंग झालं तं! कायले रडून राह्यली?"

"पानावरून काढला. लोकाइच्या फोनमधून कसा काढू? त्याइनं उतरवून घेतला हाये. ज्या गटात आपण नाई, त्या गटात फिरून राह्यला."

श्रावणने सदऱ्याची बाही उगाच नीट केली. वास्तविक तो वाईट माणूस नव्हता. बापामागे त्याने घर धरले होते, धाकट्याचे लग्न लावले होते. तथापि यंदा ग्रामपंचायतीला उभे राहण्याचे त्याच्या मनाने घेतले होते, आणि आज यवतमाळहून येणाऱ्या पाहुण्यांसमोर 'मथुरामायचा लेक' म्हणून मिरवण्याची त्याने कैक दिवस मनात उजळणी केली होती.

"डॉक्टर काय, काई बी म्हन्ते," तो म्हणाला. "त्या मानसानं कोनतं औषध कोनत्या औषधात मिसळलं, वारा कुठून होता, सकाळी जेवला होता का उपाशी होता, हे कोनं पाह्यलं? सगळ्या जिल्ह्यात मानसं पडून राह्यले. ते काय आपल्या मायनं पाडले?"

"दादा बराबर बोलून राह्यला," बेबीताईने पुरीचे पीठ लागलेले हात पदराला पुसले. "आज सनाचा दिवस हाये. लोकं येतीन, मायले शाल देतीन, जेवतीन, जातीन. उद्याचं उद्या पाहू."

"ताई, उद्याच तं फवारनी हाये."

"तू मधात नको बोलू वं."

मथुराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पांढरे लुगडे, कानांत काही नाही, हातात चष्मा. आता त्या बोलल्या, आणि त्यांचा स्वर प्रियंकाला अनोळखी वाटला. त्या नेहमी जगाला ऐकू जाईल असे बोलत. आज जणू त्यांना स्वतःलाच पटवावयाचे होते.

"मी खोटं सांगितलं काय?"

त्यांनी श्रावणकडे पाहिले.

"तुह्या बापाले मी सोता दुपट्टा बांधो. हिरीवर जाऊन वला करो, पिळो, अन् ह्या हातानं तोंडाले बांधो. वर्सानुवर्सं. तुहा बाप म्हातारपनानं मेला, फवाऱ्यानं नाई मेला. मंग मी काय खोटं सांगितलं?"

"नाई माय, तू खोटं नाई बोलली," संघदीप म्हणाला.

तो इतका वेळ दाराच्या चौकटीत उभा होता. प्रियंकाने वर पाहिले. आता काय येणार हे तिला एका क्षणात उमगले, आणि तिने मानेनेच त्याला 'नको' म्हटले. त्याने ते पाहिले. परंतु समोर आई होती.

"तू म्हनलीच होती," तो बोलून गेला. "तवा पावडर होती, आताचं औषध येगळं हाये, असं म्हनलीच होती तू. मी फोन धरून होतो न. मले चांगलं आठवते. ते हिनं कापलं."

मंडपातल्या माइकचे "हॅलो, हॅलो, चेक" घरापर्यंत ऐकू आले.

प्रियंकाने ते वाक्य कापले होते, हे अक्षरशः खरे होते. कुत्र्याच्या नकलेवर हशा पिकला होता, आणि त्या हशाच्या पाठोपाठ थेट "बांधा वला दुपट्टा" यावे असे तिला वाटले होते. मधले पावडरचे वाक्य त्या दोहोंच्या मध्ये दगडासारखे पडले होते. लांबण लागली की माणसे बोटाने पुढे ढकलतात, हे तिला पक्के ठाऊक झाले होते. तिने ते वाक्य उचलून बाजूला टाकले आणि पुन्हा लावून पाहिले, तेव्हा गोष्ट अशी सुरेख धावली की तिने त्या संध्याकाळी संघदीपला हाक मारून कौतुकाने दाखवली होती. त्यानेही हसून "लय झकास" म्हटले होते. ते 'झकास' आज त्याला आठवत नव्हते, किंवा आठवत असूनही जिभेवर येत नव्हते.

"म्हनजे माह्या मायच्या तोंडचा घास नाई, शब्द वढला तू!" बेबीताई उसळली. क्षणापूर्वी गप्प बसा म्हणणारी ती आता उभी राहिली होती. "अन् आमी मायले बोल लावून राह्यलो! दादा, मंग सांगून टाका लोकाइले. सुनेनं कापलं म्हना. मायचं नाव कायले खराब होऊ द्याचं?"

श्रावणच्या चेहऱ्यावर सुटकेची पुसट रेषा उमटली. "हे बी बराबर हाये. म्हनजे कसं, कोनाच्या चुकीनं झालं ते लोकाइले समजलं पाह्यजे."

"सांगते मी," प्रियंका म्हणाली. "माहं नाव घेऊन सांगते. माह्याच हातानं झालं."

संघदीपने मान खाली घातली. आईला वाचविण्याच्या नादात आपण कोणाला पुढे ढकलले, हे त्याला बहुधा तेव्हा कळले.

"बस खाली," मथुराबाई म्हणाल्या.

"आई, मी..."

"बस म्हनलं न. तुह्या नावानं कोन ऐकन? तुले कोन ओयखते? लोकं माह्या तोंडाकडं पाह्यते." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सुनेकडे रोखून पाहिले. त्या नजरेत क्षमा नव्हती. प्रियंकाने ती शोधली, पण नव्हती. "कापाच्या पयले एक डाव इचारलं असतं मले, तं मी सांगितलं असतं, हे ठेव म्हनून. नाई इचारलं. ते तुहं-माहं आपण मागून पाहू. बेबे, तूबी मागूनच भांडजो. आता उद्या सकायचं बोला."

*

श्रावणला प्रथम असे वाटले की हा प्रश्न भाषणाने सुटेल. त्याने एका कागदावर मजकूर लिहिला, मंडपाच्या पार्श्वभूमीवर उभा राहिला आणि प्रियंकाला फोन धरावयास लावले.

"समस्त शेतकरी बंधू-भगिनींना विनम्रपणे कळविण्यात येते की, आमच्या मातोश्री मथुराबाई यांच्या काही काळापूर्वी प्रसारित झालेल्या चित्रफितीतील मजकूर हा तत्कालीन परिस्थितीस अनुसरून असून..."

"दादा, 'दुपट्टा वला करू नका' हे कवा येईन?" संघदीपने विचारले.

"येते न. शेवटी येते. पयले प्रस्तावना तं होऊ दे."

व्हिडिओ पानावर गेला. प्रियंका खांबाआड बसून पाहत राहिली. थोड्या वेळाने एकाने खाली लिहिले, 'माय कुठाय?' दुसऱ्याने लिहिले, 'निवडनूक आली काय भाऊ?' तिसऱ्याने हात जोडल्याचे चित्र टाकले. ते कशासाठी हे समजावयास मार्ग नव्हता. पुढे कोणी कोणाला तो पाठवल्याचे दिसेना. ऊन कलू लागले होते.

तेवढ्यात बेबीताई घरातून लगबगीने आली. तिचा चेहरा उतरला होता. भांडणाचा आव कुठच्या कुठे गेला होता.

"प्रियंका, हे पाह्य वं."

तिच्या दारव्ह्याच्या बचत गटातल्या बाईने तिला काहीतरी पाठवले होते. उघडले तर तोच जुना व्हिडिओ. तेच डोमाजी, तोच कुत्रा, तेच हसू. खाली त्या बाईने लिहिले होते, 'उद्या सगळ्यायची फवारनी, आपआपल्या मानसाले दाखवा.'

"मी तं लिहिलं तिले, नको करू म्हनून," बेबीताई म्हणाली. तिच्या बोटांवरचे पीठ फोनच्या काचेला लागले होते. "तं मले म्हन्ते, तुही मायच तं सांगून राह्यली न! आता मी काय बोलू तिले? माह्याच मायच्या इरोधात बोलू?"

प्रियंकाने ते पुन्हा पाहिले. वास्तविक, ज्या कापण्याचा तिला अभिमान होता, ते किती बेमालूम होते हे तिला आता प्रथमच दिसले. सांधा कुठेच जाणवत नव्हता. ज्याला ठाऊक नाही, त्याला तिथे काही गाळले आहे अशी शंका जन्मात आली नसती.

मथुराबाई विहाराकडे निघाल्या होत्या. त्या थांबल्या. लेकीच्या हातातल्या फोनमधून त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला. "...अन् या घरी जिते!"

"श्रावन," त्या म्हणाल्या, "तुह्या कागदानं होत नाई काई. नको करू, नको करू म्हनल्यानं कोन थांबते? मानसाले दिसाले पाह्यजे." मग सुनेकडे न पाहताच म्हणाल्या, "मोरीतली निळीची बाटली घे. अन् तुह्या सासऱ्याचा दुपट्टा घे, पेटीत हाये."

"कायले, आई?"

"इचारू नको. चाल."

*

वंदना झाली. पंचशील झाले. तीन महिने चाललेल्या ग्रंथवाचनाची सांगता झाली, आणि पाहुण्यांनी संपता संपत नाही असे लांब भाषण केले. डिजिटल युगात ग्रामीण स्त्रीचा आवाज कसा सातासमुद्रापार पोहोचतो, हे ते सांगत होते. प्रियंकाला वाटत होते, हा आवाज पांढरकवड्यापर्यंत पोहोचला नसता तर किती बरे झाले असते.

मथुराबाईंच्या खांद्यांवर शाल आली. टाळ्या झाल्या. माइक त्यांच्या तोंडासमोर धरण्यात आला.

"शाल चांगली हाये," त्या म्हणाल्या. "घडी करून ठेवा. रहमतभाऊ आले काय?"

मागच्या रांगेत पंप विकणारे आणि दुरुस्त करणारे रहमतचाचा उठून उभे राहिले. डोमाजींचे ते जुने स्नेही. "हाजिर है, भाभी."

"तुमच्या दुकानातून एक पंप आना. कोरा. औषधाचा थेंब न लागलेला."

लोक कुजबुजले. काहींना वाटले, सत्कारात पंपही भेट देण्याचा बेत आहे. श्रावण खुर्चीत पुढे सरकला. रहमतचाचांचा पंप आला, त्यात पाणी भरले गेले, आणि मथुराबाईंनी स्वहस्ते त्यात निळीची बाटली उपडी केली.

"प्रियंका, फोन धर. सुरू कर. अन् सुरू केल्यावर बंद नको करू."

प्रियंकाने फोन वर धरला. तिने दुसऱ्या हाताने मनगट घट्ट पकडले. शेजारून आणखी एक हात आला आणि तिच्या कोपराखाली आधाराला थांबला. तो संघदीप होता. तिने त्याच्याकडे पाहिले नाही. पण कोपरही काढून घेतला नाही.

"मी बसतो, माय," संघदीप म्हणाला. "माह्यावर मार."

"तुहं बुशट चट्ट्यापट्ट्याचं हाये. त्याच्यावर काय दिसन?" मथुराबाईंची नजर पहिल्या रांगेवर थांबली. "श्रावन. इकडं ये."

श्रावणचा चेहरा पडला. "माय, पाहुने बसले हाये."

"दिसून राह्यले मले."

"नवा सदरा हाये."

"म्हनूनच तं."

मंडपात हशा झाला. श्रावणने पाहुण्यांकडे पाहिले, गावाकडे पाहिले. त्या वेळी त्याच्या मनात काय आले असेल कोण जाणे. निवडणूक असेल, बाप असेल, किंवा पाटावरच्या त्या फोनमधला आवाज असेल. तो उठला. माणूस न्हाव्यापुढे बसतो तसा खाली मान घालून आईपुढे स्टुलावर बसला.

मथुराबाईंनी डोमाजींचा दुपट्टा बादलीत बुडवला, पिळला आणि लेकाच्या मानेभोवती व पाठीवर गुंडाळला. ते करताना त्यांचे हात क्षणभर थबकले. वर्षानुवर्षांची सवय होती त्या हातांना. फक्त गळा वेगळा होता.

"पाह्य," त्या फोनकडे पाहून म्हणाल्या. "मी तुमाले सांगितलं होतं, वला दुपट्टा बांधा. माह्या मानसाच्या येळेले पावडर होती. भुकटी. वल्या कपड्याले ते चिकटून बसे, आंगाले लागत नसे. आताचं औषध पानी हाये. आता पाहा, काय होते ते. रहमतभाऊ, मारा."

रहमतचाचांनी दांडा हलवला. निळा फवारा ओल्या दुपट्ट्यावर पडला. प्रथम काहीच झाले नाही. दुपट्टा निळसर झाला, एवढेच. मागून कोणीतरी सवयीने ओरडले, "बांधा वला दुपट्टा!" आणि पोरांनी साथ दिली, "अन् या घरी जिते!"

"थांबा," मथुराबाई म्हणाल्या.

त्या थांबल्या, म्हणून सगळे थांबले. फोनमध्येही ते थांबणे उतरत होते. पूर्वीची प्रियंका असती तर तिने मनातल्या मनात तो तुकडा तिथेच तोडला असता. आज तिला त्या रिकाम्या वेळेची भीती वाटली, आणि तिने ती तशीच धरून ठेवली.

मग मथुराबाईंनी दुपट्टा सोडला. पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर, मानेखाली, पाठीच्या मध्यापर्यंत निळा डाग उतरला होता.

"गुंड्या काढ."

श्रावणने गुंड्या काढल्या. सदरा खांद्यावरून खाली सरकला. त्याची कातडी निळी होती. मानेच्या वळीत निळ्या पाण्याचा एक ओघळ अजून उतरत होता, आणि काखेकडे जाऊन नाहीसा होत होता.

पुढे बसलेल्या एका बाईने मुलाला जवळ ओढले.

"हे निळ हाये, म्हनून माहा पोरगा बसून हाये," मथुराबाई म्हणाल्या. "औषध असतं तं? वल्या कपड्यानं ते धरून ठेवलं असतं, दिसभर. फवाराचंच असन तं कोरडा, पुऱ्या बाह्याचा कपडा घाला. वाऱ्याच्या तोंडाले उभे नोका राहू. कपडे भिजले का तठीच काढा, साबनानं आंग धुवा. चक्कर आली, डोयाले धुसर दिसलं, तं घरी नोका जाऊ, दवाखान्यात जा."

त्या बोलून थांबल्या. लोक वाट पाहत होते. शेवटी त्या काहीतरी गमतीचे बोलतील, जे पोरे उद्या रस्त्याने ओरडतील, अशी सर्वांना सवय होती. मथुराबाईंनी फोनच्या काचेत पाहिले. काचेमागे कोण आहे हे त्यांना चांगले ठाऊक होते.

"अन् याच्यातलं काईच कापू नोका," त्या म्हणाल्या.

*

प्रियंकाने काहीही कापले नाही. फोन धरताना हललेले चित्र, पोरांचा ओरडा, ते लांबलेले थांबणे, आईची शेवटची सूचना, सारे जसेच्या तसे पानावर गेले. बेबीताईने ते दारव्ह्याच्या बाईला पाठवले आणि खाली लिहिले, 'घे, माही मायच सांगून राह्यली.' श्रावणने, ज्याने आजवर फक्त सुप्रभातचे संदेश पाठवले होते, तो व्हिडिओ आपल्या प्रत्येक गटात पाठवला. पाहुण्यांनीही पाठवला. रहमतचाचांनी यवतमाळजवळ लोहारा गावच्या कारखान्यात कामाला असलेल्या आपल्या मुलाला, तारिकला, फोन करून सांगितले की हा तुझ्यासोबतच्या सगळ्या कामगारांना दाखव, सगळ्यांच्या घरी शेती आहे.

तरीही संध्याकाळी ओसरीवर कोणाला जेवण गेले नाही. पुऱ्या तशाच थंड झाल्या. नवा व्हिडिओ पसरत होता, हे दिसत होते. परंतु जुना कुठे कुठे अजून जिवंत आहे हे दिसत नव्हते. मेळघाटाच्या कडेच्या एखाद्या गावात, जिथे रेंज सकाळी येते, तिथे पहिला कोणता पोहोचेल? प्रियंका पडद्यावर बोट फिरवत राहिली. बेबीताईने एक पुरी गुळाबरोबर तिच्यापुढे सरकवली आणि ती आत गेली.

आणि सुखीबाईंना अजून कोणीही उत्तर दिले नव्हते.

दिवेलागणीला फोन वाजला. तोच क्रमांक. प्रियंकाने सासूबाईंकडे पाहिले. त्यांनी हात पुढे केला, मग मागे घेतला आणि म्हणाल्या, "सगळ्याइले ऐकू येईन असा लाव."

"माय?" पलीकडून आवाज आला. मागे दवाखान्याचा गलका होता, कोणाचे तरी कण्हणे होते. "मथुरामाय बोलून राह्यल्या काय?"

"हो वं, बाई. मीच."

"तुमचा व्हिडिओ आला, माय. वार्डातल्या सगळ्याइनं पाह्यला. मंग मी ह्याइले ऐकवला."

मथुराबाईंनी डोळे मिटले. "कसा हाये तो?"

"दिसत नाई अजून. डॉक्टर म्हन्ते दिसन, टाइम लागन. पन त्याले दिसत नाई न, माय, तं मी सांगत गेली. बाजूले कोनाले तरास नोको म्हनून कानात सांगत गेली. आता पंप मारला म्हटलं. आता दुपट्टा काढला. आता खांदा निळा झाला म्हटलं. तं त्यो उठून बसाले लागला. पुढचं काई ऐकलंच नाई त्यानं."

"काहून?"

फोन कोणाच्या तरी हातात दिल्याचा आवाज झाला. मग एका पुरुषाचा आवाज आला, जड, सुजलेल्या जिभेतून एकेक शब्द ओढून काढावा तसा.

"माय... त्या भाऊले म्हना... सदरा लवकर काढा. साबनानं आंग धुवा. मी तसाच... झोपलो होतो. त्याले म्हना, तसं नोको झोपू."

ती नीळ होती, हे सांगावे की न सांगावे, हे मथुराबाईंना कळेना.

श्रावण ओसरीच्या कडेला बसला होता. मंडप आवरण्याच्या गडबडीत त्याने तो डागाळलेला सदरा तसाच पुन्हा अंगात चढवला होता. तो उठला. फोनजवळ आला आणि वाकून, कानात बोलावे तसे हळू म्हणाला,

"काढतो, उकंडाभाऊ. आत्ताच काढतो."

आणि त्याने खरोखरच सदरा काढला. मग मोरीकडे जाता जाता त्याने आतल्या अंधारात हाक दिली,

"बेबे, साबन दे वं."